सोलापुरात मित्रांसोबत बसायचा दिवस कसा लावायचा: भजी, परमिट रूम आणि शेवटी मटण

पुण्या-मुंबईचे मित्र सोलापूरला यायचं म्हणले की पहिला प्रश्न ठरलेला, तुमच्याकडं पब हायत का बे? तर तसलं लाईटी-डीजेवालं शोधत येऊ नका. आपल्याकडं परमिट रूम आहेत, बिअर बार आहेत, झाडाखाली टेबलं टाकलेली गार्डनवाली हॉटेलं आहेत, आणि या सगळ्याच्या आजूबाजूला भज्यांचे गाडे, कबाबच्या शेगड्या आणि मटणाच्या खानावळी. माझं मत विचाराल तर सोलापुरात पिणं हे निमित्त असतंय, खरा कार्यक्रम खाण्याचाच. म्हणून दिवस लावायचा तो खाण्याच्या वेळा धरून, आणि बार मधल्या मोकळ्या वेळेत बसवायचा. उलटं केलं की दुपारी तीनला सगळे आडवे आणि संध्याकाळची गरम भजी दुसऱ्यांनी खाल्लेली.

सगळ्यात आधी वार ठरवा, आणि हे वाटतं तेवढं सोपं नाहीये. सोमवार सोडाच, सिद्धेश्वराचा वार, ग्रुपमधले निम्मे पाळणारे निघतात. मंगळवार-गुरुवार-शनिवारी पण कोण ना कोण "आज नको रे" म्हणतंय. राहिले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी सगळं गाव मटणावर तुटून पडलेलं असतंय, खानावळीत नंबर लावून उभं राहावं लागतं, त्यामुळं सुट्टी टाकता येत असेल तर शुक्रवार बेस्ट. श्रावणात तर ग्रुपवर मेसेज पण टाकू नका, उत्तर येत नाही, आणि गटारीला सगळीकडं एवढी झुंबड की बसायला जागा मिळाली तरी वेटर मिळत नाही. वार ठरला की प्रत्येकाला विचारा, तुमच्याकडं पाणी कधी येतंय? हसू नका, शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या आडानं येतं, आणि ज्याच्याकडं नेमका त्या दिवशी पाण्याचा वार असतोय तो पहिला ग्लास भरायच्या आत घरून फोन आला म्हणून मोटर लावायला पळतो. एकदा गेलेला माणूस परत येत नाही.

मोसमाचं म्हणाल तर दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत कधीही चालेल. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर, दुपारी रस्त्यावर कुत्रं पण दिसत नाही, तेव्हा ही सगळी फिराफिरी अंगावर येते. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावर गड्डा म्हणजे जत्रा भरलेली, ती बघायला जरूर या पण त्या दिवसात बसायचा प्लॅन नको, एकतर रस्ते बंद आणि दुसरं म्हणजे गावातले बरेच लोक तेव्हा दारूला शिवतच नाहीत. ड्राय डे बघून घ्या, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे सगळ्यांना पाठ असतात पण आषाढी एकादशी बाहेरचे लोक विसरतात, आणि पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे म्हणल्यावर इथं कोणी डोळेझाक करेल ही आशा ठेवू नका. निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास पण बंद.

माणसं किती? चार ते सहा. दोघांत दिवस खेचला जात नाही आणि आठ झाले की दोन टेबलं, दोन गप्पा, दोन बिलं आणि एक भांडण. सहा पण का, तर रिक्षात तीन-तीन बसतात, दोन रिक्षात विषय संपला. यातला एक तरी न पिणारा हवा, आणि त्याला ड्रायव्हर समजून वागवू नका, तो खायला आलाय. त्याच्याच हातात कॉन्ट्री द्या. सकाळीच प्रत्येकाकडून सारखे पैसे जमा करून त्याच्याकडं ठेवले की दिवसभर खिशात हात घालायचा नाटकी प्रकार बंद होतो. प्यालेल्या माणसाकडं हिशोब दिला की तो चौथ्या ठिकाणी "आज सगळं माझ्याकडून" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना क्यूआर कोड पाठवतो.

गाड्या घरी ठेवा. हे उपदेश म्हणून नाही, साधं गणित आहे, पिऊन चालवताना पहिल्यांदा धरलं तरी दहा हजारापर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि मर्यादा रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅम, म्हणजे "एकच बाटली झालीये" वाला पण त्यात सापडू शकतो. दिवसभराच्या रिक्षा त्याच्यापुढं काहीच नाहीत. वयाचं पण सांगून ठेवतो, आपल्या राज्यात बिअर-वाईनला २१ आणि बाकी हार्डला २५ पूर्ण लागतात. ग्रुपमध्ये कोणाचा लहान भाऊ येणार असेल तर त्याला भज्यांपासून जॉईन करा. आणि प्यायचं परमिट नावाची खरोखरची गोष्ट असते बरं का, एक दिवसाचं पाच रुपयांचं, वर्षाचं शंभराचं, आयुष्यभराचं हजाराचं. परमिट रूमला परमिट रूम म्हणतात ते त्याच्यावरूनच, पण ते काढलेला माणूस शोधायला गेलात तर दिवस मावळेल. आयुष्यभराचं काढून टाका एकदाचं, कटकट मिटते.

आता दिवस. बाहेरचे मित्र मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं येत असतील तर ती सकाळीच सोडते, त्यांना घरी नेऊन आंघोळ करायला लावा आणि नाष्ट्याला पूर्वभागात घेऊन जा, म्हणजे अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ ही बाजू. मिल आणि यंत्रमागाच्या कामाला आलेली तेलुगू मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथं राहतात, त्यामुळं सकाळी गाड्यावर जी इडली मिळते ती पुण्यातल्या एसी हॉटेलातल्या इडलीला लाजवते, चटणी मागाल तेवढी ओततात, आणि आजूबाजूला मराठी, तेलुगू, कानडी, दखनी अशा चार भाषा एकाच बाकड्यावर ऐकू येतात. इडली नको असेल त्यांनी सुशीला खा, चुरमुरे भिजवून पिळून फोडणीला टाकलेले, वर शेंगदाण्याचा कूट. नाष्टा भरपेट करा. रिकाम्या पोटी दुपारी बसणारे लोकच पुढं व्हिडिओत सापडतात.

नाष्ट्यानंतर सिद्धेश्वर तलाव आणि शेजारचा भुईकोट किल्ला. हे सकाळीच उरकायचं कारण साधं आहे, नंतर तोंडाला वास मारत देवळात जायचं नसतंय. तलावाच्या मधोमध देऊळ, बाजूला किल्ल्याची तटबंदी, तास दीड तास सहज जातो. तिथून येताना चार हुतात्मा चौकात थांबून पाहुण्यांना सांगा की १९३० ला ह्या गावात मार्शल लॉ लागला होता आणि १२ जानेवारी १९३१ ला इथल्या चौघांना येरवड्यात फाशी दिलं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. पुण्याहून येणारी हुतात्मा एक्सप्रेस ज्यांच्या नावाची ते हे, निम्म्या पाहुण्यांना ते माहीत नसतं.

मग नवी पेठेकडं वळून शेंगा चटणी आणि कडक भाकरी घ्या, आणि हा भाग अजिबात टाळू नका कारण दिवसाचा खरा चखणा हाच आहे. बाहेर लोक बटाट्याचे चिप्स फोडतात, आपल्याकडं कडक भाकरी फोडायची. ज्वारीची पातळ भाकरी अशी वाळवलेली असते की हाताने दाबली की कट्‌कन तुटते, महिनाभर पण खराब होत नाही, आणि तिच्या तुकड्यानं चटणी उचलून खाल्ली की मसाला पापडाचे पैसे वाचतात. चटणी घेताना पाकिटावरचं नाव बघू नका, चटणी बघा. चांगली शेंगा चटणी कुटलेली असते, मिक्सरला भुकटी केलेली नव्हे, कुटल्यामुळं दाण्याचं तेल सुटतं आणि ती बोटांनी दाबली की गोळा होते. कोरडी सुळसुळीत पडत असेल तर पुढच्या दुकानात जा. लसूण नाकाला लागला पाहिजे. सोबत पावशेर घट्ट दही घेतलं तर उत्तमच, तिखट न झेपणाऱ्या पुणेकरांची सोय होते.

साडेबाराच्या पुढं उन्हाचं डोकं फिरतं, तेव्हा परमिट रूम. कुठलं, असं विचारू नका, नाव सांगून उपयोग नाही, चांगलं बघायचं कसं ते सांगतो. दुपारी दीड वाजता आत डोकावा. नोकरदार, दुकानदार टाईपचे शांत लोक जेवत-पीत बसलेले दिसले तर आत जा. फक्त पोरांचा घोळका आणि टीव्हीचा आवाज कानठळ्या बसवणारा असेल तर फिरा मागं. मुतारी बघा, खरंच, किचन कसं असेल ते तिथंच कळतं. एसी सेक्शन आणि साधा सेक्शन यांचे रेट वेगळे असतात, मेनूकार्ड कुठल्या सेक्शनचं हातात दिलंय ते बसतानाच विचारा. आणि कडक भाकरी टेबलावर काढायच्या आधी वेटरला विचारायचं, "अण्णा, बाहेरचं चालतंय का?" नीट विचारलं तर बहुतेक ठिकाणी चालतंय, वर कांदा कापून आणून देतात. न विचारता पिशवी उघडली की मॅनेजर येतो. वेटरला अण्णा, मामा, मालक काहीही म्हणा, पण शुक् शुक् करून टिचकी वाजवणाऱ्याला सोलापुरात कोणीही चांगला पीस आणून देत नाही.

ऑर्डर करताना एक गणित डोक्यात ठेवा जे दर ग्रुपमध्ये कोणीतरी चुकतंय. "मी फक्त बिअर घेणार, हार्ड नको" असं म्हणत जो स्ट्राँग मागवतो त्याच्यासाठी हे आहे. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते आणि बाटली ६५० मिलीची, म्हणजे एका बाटलीत ५२ मिलीच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की-रम ४२.८ टक्के, त्याचा ६० चा लार्ज पेग म्हणजे साधारण २६ मिली. हिशोब करा, एक स्ट्राँग बाटली बरोबर दोन लार्ज. दोन बाटल्या मारणारा सोज्वळ माणूस चार लार्ज मारून बसलेला असतो आणि वर क्वार्टरवाल्याला नावं ठेवतो, आणि क्वार्टर म्हणजे १८० मिली, तीनच लार्ज! दिवसभराचा प्लॅन असेल तर दुपारी माईल्ड घ्या, ती ५ टक्क्यांच्या आत असते, आणि एकाला एक धरा. प्रत्येक ग्लासामागं एक ग्लास पाणी. बाटलीबंद पाणी मागवलं तर सील टेबलावर फोडून घ्या.

खायला दुपारी कमी मागवा. एखादा शेंगदाणा मसाला, उकडलेली अंडी तिखट-मीठ टाकून, बाकी आपली भाकरी-चटणी. चायनीजच्या नादाला लागू नका, लाल रंगात बुडवलेलं चिकन सगळ्या महाराष्ट्रात सारखंच लागतं, त्याच्यासाठी सोलापूरला येऊन बसायची गरज नाही. गप्पा मारा, ऊन उतरू द्या. बिल आलं की व्हॅटची ओळ बघा, १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूमच्या दारूवर तो ५ चा १० टक्के झालाय, त्यामुळं वाईन शॉपचा रेट डोक्यात धरून मॅनेजरशी भांडू नका, पण न मागवलेला सोडा आणि उघडलाच नाही तो पापड बिलात आलेला दिसला तर मात्र सोडू नका.

साडेचार-पाचला उठायचंच. हा सगळ्यात अवघड भाग, कारण एक जण "अजून एक एक" म्हणणारच, तर त्याला सांगा भज्यांचा घाणा पडलालाय. थोडं चाला, पार्क चौकाकडं नाहीतर सात रस्त्याकडं, संध्याकाळी तिथं खाण्याचे गाडे लागतात, आणि गल्लोगल्ली भज्यांच्या कढया पेटलेल्या असतात. गाडा निवडताना मी तीन गोष्टी बघतो. तेल काळं पडून वर फेस धरत असेल तर नाही. परातीत तळून ठेवलेल्या भज्यांचा डोंगर असेल तर नाही, गिऱ्हाईक उभं असताना घाणा निघाला पाहिजे. आणि भजीवाला कांदा कधी चिरतो ते बघा. ज्याच्याकडं चिरलेला कांदा मीठ लावून थोडा वेळ ठेवलेला असतो आणि त्याला सुटलेल्या पाण्यातच बेसन कालवलं जातं, त्याची खेकडा भजी कुरकुरीत निघते. जो पीठ आधीच पातळ कालवून बादलीत ठेवतो त्याची मऊ पडते आणि ती झाकायला तो सोडा मारतो, मग रात्रभर छातीत जळजळ आणि आपण दोष देतो दारूला.

सोलापूर कर्नाटकाच्या तोंडावर, त्यामुळं मिरची भजी सोडायची नाही. लांब पोपटी मिरची, पोटाला उभी चीर, आत ओवा-मीठ, आणि वर बेसनाचा जाड कोट. एकदा तळून झाली की कापून परत तेलात सोडायला सांगा, गाड्यावर गर्दी नसली तर करून देतात, वर बारीक कांदा आणि लिंबू. बाहेरच्यांना पहिला घास टोकाकडून घ्यायला लावा, तिखटपणा देठाकडं जास्त असतो, त्यांना तिथंवर पोचेपर्यंत सवय होते. शाई लागलेल्या पेपरवर देत असेल तर ताटली मागा. चहा भज्यांनंतर, सोबत नको.

यानंतर अजून एक बैठक करायची का? माझं उत्तर, करायची तर छोटी. अंधार पडला की गार्डनवाल्या हॉटेलात बाहेर टेबल घ्या, एखाद-दोन पेग, तासाभरात उठा. वाईनवाला कोणी असेल तर त्याला सांगा अकलूजला, आपल्याच जिल्ह्यात, फ्रातेल्लीची द्राक्षबाग आणि वायनरी आहे, कार्डावर असेल तर मागवून बघ. तलावाकाठी, कंबर तलावाला नाहीतर हिप्परग्याला बाटल्या घेऊन बसायचं मात्र डोक्यातून काढा, उघड्यावर पिणं गुन्हा आहे आणि फुटलेल्या काचा सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पायात जातात. आणि कोणी "ओरिजिनल गावठी पाजतो" म्हणाला, हातभट्टी नाहीतर ताडी, तर हात जोडा. हातभट्टीत मिथेनॉल आलं तर डोळे जातात, जीव जातो, ताडीत गुंगीची पावडर मिसळल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मुळेगाव तांड्यावर २०२१ ला तेव्हाच्या एसपी तेजस्वी सातपुते यांनी ऑपरेशन परिवर्तन करून भट्टीवाल्या घरांना दुसऱ्या धंद्याला लावायचं काम सुरू केलं होतं, ती गोष्ट पाहुण्यांना गप्पात सांगा, तिथली चव बघायला जाऊ नका.

रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आत. उशीर केला की चांगले पीस संपलेले आणि रश्श्याला नुसतं पाणी घातलेलं. दोन रस्ते आहेत. एक सावजी खानावळ, मटण सुकं, वेगळा लालभडक रस्सा, ज्वारीची गरम भाकरी, ज्यांना झेपतंय त्यांनी वजडी मागवायची. रस्सा पहिल्यांदा वाटीत थोडाच घ्या, दिसतो त्यापेक्षा तिखट असतो, आणि पोटात दारू असताना तिखट कळत नाही, सकाळी कळतं. दुसरा रस्ता विजापूर वेस, शीक कबाब आणि बिर्याणी, शेगडीचा धूर रस्त्यावर. रमजानमध्ये तिथं मीना बाजार भरतो तेव्हा रात्र कधी सरते कळत नाही, पण तेव्हा फक्त खायला जायचं, पिऊन त्या गर्दीत शिरायचं नाही, एवढी अक्कल ठेवा. शाकाहारी मित्राला दोन्हीकडं उपाशी बसवू नका, त्याच्यासाठी आधीच शेंगा पोळी नाहीतर धपाटं-दही बांधून घ्या.

हिशोब खानावळीच्या बाकड्यावरच मिटवा. न पिणाऱ्याच्या वाट्याला फक्त खाणं आणि रिक्षा, दारूचे पैसे पिणाऱ्यांत वाटायचे, आणि उरलेली कॉन्ट्री तिथंच परत. पाहुण्यांपैकी कोणी रात्रीच्या सिद्धेश्वरनं परत जाणार असेल तर त्याचं ताट सगळ्यात आधी लावायला सांगा, स्टेशनला सोडायला न पिणाऱ्यालाच पाठवा, आणि डब्यात चढवताना त्याचं तिकीट त्याच्याच खिशात आहे का तेवढं बघायला लावा.